बेचाळीस वर्षं राहिलेली पाहुणी

कोलमन फोलनला लहानपणी घरात एक बाई दिसायची, हे समुद्रकाठच्या सगळ्या रॉसगार गावाला ठाऊक होतं.

चुलीमागच्या कोपऱ्यात ती बसलेली असायची, वाळवलेलं समुद्री शेवाळ चघळत. कोलमन जवळ गेला की त्याच्या केसांतून हात फिरवायची आणि म्हणायची, "हे कुणाचं शिंगरू आलं घरात?" मग त्याची मूठ उघडून तळहातावर बोटानं काहीबाही रेघा ओढायची. गुदगुल्या व्हायच्या, पण तो हात मागे घेत नसे. एक खूण तर ती रोज काढायची. खाली, वर, परत खाली, परत वर. शेजारी शेजारी दोन दऱ्या.

आणि एक दिवस ती नव्हती. कोलमन पाच वर्षांचा होता. त्यानं विचारलं तेव्हा बापानं सांगितलं, "अशी कोणी बाई नव्हतीच. तापात स्वप्न पडलं तुला." आईनंही मान हलवली.

पोरगा हट्टी. त्यानं शाळेत सांगितलं, मासेमारीच्या होड्यांवर सांगितलं, आणि जन्मभर थट्टा ओढवून घेतली. "काय रे, काय म्हणते तुझी बाई?" त्यानं लग्न केलं नाही तेव्हा लोक म्हणाले, करणार कसं, त्याची आधीच चुलीमागे बसलीय. तिशीनंतर तो गप्प झाला. आता एकोणऐंशीचा होता. अंगणात बसून शेवंड पकडायचे पिंजरे विणायचा आणि समुद्राकडे बघत राहायचा.

त्याची बहीण सबिना त्याच्याहून चौदा वर्षांनी लहान. नवरा गेल्यावर ती गॉलवे शहरातलं घर बंद करून भावाकडे राहायला आली होती. तिनं कोलमनची कधी थट्टा केली नव्हती, पण विश्वासही ठेवला नव्हता. लहानपणी एकदा चुलीमागे डोकावून आली होती ती. तिथे राख उपसायचं फावडं होतं, बाकी काही नाही.

त्या फेब्रुवारीत टोरंटोहून सुनेचा फोन आला. बाळाच्या वहीत पाच पिढ्यांची नावं लिहायची होती.

"आमच्याकडे अर्धे पुरुष मार्टिन, अर्ध्या बायका बार्बरा," सबिना म्हणाली. "कुठलंही लिही, चुकायचं नाही."

पण फोन ठेवल्यावर तिला बरं वाटेना. जुन्या जनगणनेचे कागद आता घरबसल्या बघता येतात, हे तिनं ऐकलं होतं. बाहेर पाऊस आडवा लागला होता, त्या कोनेमारा किनाऱ्यावर लागतो तसा. तिनं खिडकीपाशी खुर्ची ओढली, टॅब मांडीवर घेतला आणि १९११ साल उघडलं.

फोलन सापडेनात. म्हणजे जगभरचे फोलन सापडले, रॉसगारचे नाहीत. दोन दुपारी तिनं नाव उलटंसुलटं लिहून पाहिलं. तिसऱ्या दिवशी नावाचा नाद सोडला आणि गावावरून आत शिरली. रॉसगार: घरं तेवीस.

तेवीस! आज नऊ घरांतून धूर निघत होता. बाकीच्यांच्या नुसत्या भिंती, आत खाजरं गवत आणि मेंढ्या. सबिना एकेक घर उघडत निघाली. पहिलं घर, टूल कुटुंब, माणसं आठ. दुसरं, माणसं अकरा. ज्या भिंतीवर बसून ती लहानपणी पाय हलवायची, त्या भिंतीत एक विधवा, तिची चार मुलं आणि एक शिंपी राहत होते. त्या पायवाटेनं ती हजारदा गेली होती, पण आज दारं उघडी होती. कोणी वाचू शकत होतं, कोणी नाही. कोणी दोन महिन्यांचं होतं. चहा गार होऊन गेला, पाऊस कधी थांबला ते तिला कळलं नाही. ती सावकाश समुद्राच्या बाजूला उतरत राहिली आणि अकराव्या दारात थबकली.

तिचं स्वतःचं घर. कागद उतरवणाऱ्यानं फोलनचं टोलन केलं होतं, एवढीच चूक. कुटुंबप्रमुख फेस्टी, वय अडतीस, म्हणजे आजोबा. बायको सारा. मुलं चार, त्यांत मार्टिन, वय सहा. बापाला सहा वर्षांचा बघून तिला उगाच लाज वाटली, न विचारता कुणाच्या खोलीत शिरल्यासारखी. मग पणजी ओनोर, वय पंचाहत्तर.

आणि तिच्याखाली आणखी एक ओळ.

सबिनानं ती वाचली. मूळ कागदाचं चित्र उघडलं, मोठं केलं, परत वाचली. मग ती अंगणात गेली.

"कोलमन, जरा आत ये."

"हा पिंजरा होऊ दे."

"पिंजरा राहू दे. ये म्हणते ना!"

तो हात पुसत आला. सबिनानं त्याला खुर्चीत बसवलं आणि ओळ वाचून दाखवली, सावकाश, एकेक रकाना. "विनिफ्रेड मलकेरिन. वय वीस. अविवाहित. लिहिता-वाचता येतं. प्रमुखाशी नातं, पाहुणी." ती थांबली. "शेवटच्या रकान्यात लिहिलंय, आंधळी."

कोलमन पुढे वाकला. कागदाच्या चित्राकडे बघत राहिला. कोण्या हवालदाराचं वळणदार अक्षर होतं. तेव्हा जनगणनेचे कागद पोलीसच घरोघर जाऊन भरायचे.

"पहिलं अक्षर कसं काढतात तिच्या नावाचं?" त्यानं विचारलं. "इंग्रजीत?"

"डब्ल्यू."

त्यानं डाव्या तळहातावर उजव्या बोटानं रेघ ओढली. खाली, वर, खाली, वर. मग हात मांडीवर ठेवून दिला.

"ती नाव सांगत होती मला," तो म्हणाला. "आणि मी आपला दऱ्या समजत होतो."

सबिनाला रडू येत होतं, आणि रडण्यासारखं नक्की काय आहे ते कळत नव्हतं. भाऊ मात्र शांत होता. थोड्या वेळानं त्यानं पणजीच्या ओळीवर बोट ठेवलं. "दहा वर्षांपूर्वी किती वय सांगितलं होतं म्हातारीनं?"

सबिनानं १९०१ उघडलं. "पंचावन्न."

"दहा वर्षांत वीस वर्षांनी म्हातारी झाली!" कोलमन पोट धरून हसला. "मधे सत्तरीच्या वरच्यांना पेन्शन सुरू झाली ना. घरात सगळ्यात हुशार तीच."

त्याच १९०१च्या कागदांत चौदाव्या घरी मलकेरिन सापडले. पीटर, बार्बरा, मुलं सहा. विनिफ्रेड दहा वर्षांची, लिहिता-वाचता येणारी. शेवटचा रकाना कोरा. म्हणजे तेव्हा तिला दिसत होतं. आणि १९११मध्ये चौदावं घर: वस्ती नाही.

"बॉस्टनला बघ," कोलमन म्हणाला. "इथून जो जातो तो बॉस्टनलाच जातो."

बॉस्टनच्या जनगणनेत आठवडा गेला. मलकेरिन कुठेच नव्हते. कोलमन आता पिंजरे सोडून शेजारी येऊन बसायचा, आणि सबिना पानं उलटायची. गल्ल्या, मजले, भाडेकरू, गोदीवरचे हमाल, लाँड्रीत जाणाऱ्या पोरी. खिडकीबाहेर दलदलीवर ऊन पडायचं, निघून जायचं, आणि दोघं भावंडं कुठल्याशा परक्या जिन्यावरून वर चढत असायची, दारावरची नावं वाचत.

"मलकर्न," एका दुपारी कोलमन म्हणाला. "हे बघ. तिकडे जाऊन शेपूट कापून टाकलं असणार."

तेच होते. १९१०, दक्षिण बॉस्टन. पीटर आणि बार्बरा मलकर्न. देशात आल्याचं साल १९०६. मुलं पाच, सगळ्यांची वयं जुळत होती. विनिफ्रेड नव्हती.

"उतरल्यावर डॉक्टर डोळे तपासायचे," सबिना हळूच म्हणाली. आत्याकडून ऐकलं होतं तिनं. पापणी उलटून बघायचे. डोळ्यांत दोष दिसला तर माणूस त्याच बोटीनं परत. आंधळ्या पोरीला कोण उतरू देणार? "पंधरा वर्षांची होती ती. तिला इथे सोडून गेले, कोलमन. आपल्या घरी."

"टाकून गेले असं म्हण."

"थांब. तिच्या आईच्या ओळीत पुढे अजून आहे." अमेरिकेच्या त्या कागदात बायकांना एक प्रश्न विचारलेला होता, किती मुलं झाली आणि किती हयात आहेत. सबिना आकडे वाचत होती. "झालेली, सहा. हयात, सहा."

घरात माणसं मोजली तर मुलं पाच. दारात आलेल्या परक्या माणसाला बार्बरानं सहा सांगितली होती.

कोलमन उठला आणि बाहेर गेला. सबिना मागे गेली नाही. खिडकीतून ती बघत होती. तो कुंपणाच्या दगडी भिंतीशी उभा होता, वाऱ्याकडे पाठ करून, बराच वेळ.

जेवताना तो म्हणाला, "मग बापानं तसं का सांगितलं मला?"

याचं उत्तर कुठल्याच रकान्यात नव्हतं. पण सबिनाला डेलिया कीडी आठवली. शेजारची पोर, एकोणपन्नास साली इंग्लंडला गेलेली, सत्तर वर्षं गिरणीच्या गावात काढून आता परत आलेली. क्लिफ्डनच्या वृद्धाश्रमात होती, त्र्याण्णव वर्षांची. शनिवारी सबिना भावाला गाडीत घालून तिच्याकडे घेऊन गेली.

"विनिफ्रेड? आमची वाईनी?" डेलिया म्हणाली, जणू ती आत्ताच खोलीबाहेर गेली होती. "वाईनीला कोण विसरेल? माझी वेणी घालायची ती. डोळे असलेल्यांपेक्षा सरळ भांग पाडायची."

"डेलियाबाई, मग आम्हाला कुणी सांगितलं का नाही?"

"मला कुणी विचारलं का? मला वाटलं, तुम्हाला माहीत आहे." ती कोलमनकडे वळली. "ती गेली तेव्हा तू खायचं सोडलंस, बाबा. अकरा दिवस. डॉक्टर म्हणाला, पोरगं हातचं जाईल. मग तुझा बाप घरोघर हिंडला, टोपी हातात घेऊन. म्हणाला, पोरासमोर तिचं नाव काढू नका. आम्ही त्याला स्वप्न होतं म्हणून सांगतोय. विसरेल तो."

"विसरलो नाही ना."

"ते दिसतंय. पण जेवायला लागलास."

कोलमन खाली बघत होता. डेलियानं त्याचा हात हातात घेतला.

"मार्टिन दीड वर्षाचा होता वाईनी तुमच्या घरी आली तेव्हा. तिच्या कडेवर वाढलेला. बेचाळीस वर्षं एका घरात काढली दोघांनी. शवपेटीला पुढून खांदा त्यानंच दिला. आणि घरी येऊन ती नव्हतीच म्हणाला. पुढे तीस वर्षं जगला ना तो? घरात कधी नाव घेता आलं नाही त्याला तिचं. एकदा घेतलं असतं तरी तुला कळलं असतं."

सबिना गाडी घराकडे चालवत होती. रस्त्याच्या दोन्ही अंगांनी दलदलीतलं काळं पाणी आभाळ धरून पडलं होतं. "मी त्याला खोटारडा म्हणालो होतो," कोलमन मधेच म्हणाला. "सोळा वर्षांचा होतो. तोंडावर म्हणालो. तो काही बोलला नाही. बूट घालून गुरांकडे गेला."

एप्रिलचा पहिला रविवार नव्या जनगणनेचा होता. जाड फॉर्म आधीच दारात देऊन गेले होते. कोलमननं चष्मा चढवला, घराचा प्रमुख म्हणून स्वतःचं नाव घातलं, मग सबिनाचं. नात्याच्या रकान्यात बहीण लिहिलं. शेवटच्या पानावर त्या वर्षी एक मोकळी चौकट होती. हवं तर काहीही लिहा, शंभर वर्षांनी उघडू, असं वर छापलेलं.

सबिना ओट्यापाशी पावासाठी पीठ मळत होती. तिनं वळून बघितलं तेव्हा तो लिहीत होता. शाळेत शेजारच्यानं बघू नये म्हणून धरतात तसा डावा हात कागदाभोवती वळवलेला. चौकट भरली, तरी तो समासात लिहीत राहिला.

"वाईनीचं लिहितोस का?"

"तुला काय करायचंय?"

"मीच शोधली ना तिला! दाखव तरी."

"वाचायचं असेल तर शंभर वर्षं थांब," कोलमन म्हणाला, आणि जीभ दातांत धरून पुढची ओळ लिहायला लागला.

ती पुन्हा पिठाकडे वळली. मंगळवारी जनगणनेच्या बाई येऊन फॉर्म घेऊन गेल्या. सबिनानं टोरंटोला पाठवायची नावं एका कागदावर उतरवली, पाच पिढ्यांची, आणि फेस्टी आजोबांच्या मुलांच्या ओळीत विनिफ्रेड मलकेरिन लिहिलं. सुनेनं फोन करून विचारलं, ही कोण, आडनाव वेगळं कसं?

"आपलीच," सबिना म्हणाली. "वेळ आहे का तुला? जरा मोठी गोष्ट आहे."