अप्पाजींच्या दारावरची पाटी

मी एक जुनी फणसाच्या लाकडाची पाटी आहे, आणि डांबराच्या ब्रशापासून मी बचावते. मित्रांनो, हे वाक्य मी बोललेच नाही असं समजा. आता जीव मुठीत धरून ऐका.

देश प्रजासत्ताक झाला, त्या दिवशी तंजावुरात, पिढ्यानपिढ्या तिथंच राहिलेल्या मराठी घरातल्या अप्पाजींनी माझ्यावर पांढऱ्या रंगानं, देवनागरीत, स्वतःचं नाव काढलं. महाराष्ट्र राज्य झालं तेव्हा मला झेंडूची माळ घातली. "आपलं राज्य झालं!"

"मग मामंजी," सून नागलक्ष्मीनं विचारलं, "सामान बांधूं, की सांबार करूं?"

अप्पाजी विचार करून म्हणाले, "सांबार."

पुढे चौसष्ट साली पंतप्रधान वारले, त्याच दिवशी अप्पाजीही गेले. सगळी दुकानं बंद पाहून पापनाशमचे व्याही भारावले, "अप्पाजींना एवढा मान!" त्यांचा गैरसमज कुणी दूर केला नाही.

मागं राहिलं त्यांचं हस्ताक्षर, म्हणजे मी. घरात देवनागरी वाचणारं कुणी उरलं नव्हतं. पोंगलच्या रंगसफेदीला मुलगा रघुपतीनं मला उतरवलं आणि परत टांगलं ते उलटं. कुणाला पत्ताच नाही.

तोच १९६५चा जानेवारी. हिंदी एकटीच राजभाषा होणार म्हणून गाव पेटलं होतं. एका दुपारी जमाव आमच्या गल्लीत शिरला. पुढं शेजारचा कॉलेजकुमार राजगोपाल, हातात डांबराचा डबा. रघुपती कचेरीत. नागलक्ष्मी दारात आडवी उभी राहिली.

"मामी, सरका. हिंदी पाटी आहे."

"हिंदी नव्हे रे तंबी, माझ्या भावा, मराठी! तुला चकलीसारखे मुरुक्कू खायला द्यायचे ना, त्या मामंजींनी हातानं लिहिलंय."

"मग एकेक अक्षर दाखवून वाचा."

तिचं बोट माझ्या पहिल्या अक्षरावर आलं आणि तिथंच अडलं; तिला कुठं वाचता येत होतं? मागून आरोळी उठली. ब्रश वर आला. डांबराचा एक थेंब माझ्या कडेवर पडला, आणि राजगोपाल थबकला.

"थांबा रे! शाळेत हिंदीत मी दोनदा नापास झालोय, अक्षरं चांगली ओळखतो. हिंदीची रेघ वर असते. हिची खाली आहे. ही हिंदी नाही!"

एवढ्या अधिकारवाणीपुढं कोण बोलणार? जमाव पुढं गेला. नागलक्ष्मीनं दार लावून घेतलं.

नंतर ओरत्तनाडूचे, देवनागरी वाचता येणारे सांबशिवमामा आले. मान वाकडी करून म्हणाले, "अगो, ही उलटी आहे!"

"असूं द्या. उलटी होती म्हणून उरली. हात लावूं नका."

तेव्हापासून अप्पाजी खाली डोकं, वर पाय. मित्रांनो, जुन्या पाट्या जपा. जमल्यास वाचायलाही शिका. तरी संबंधित अधिकाऱ्यांनी समक्ष पाहणी करून मला सरळ करण्याचा हुकूम द्यावा; ते शक्य नसल्यास या गल्लीतील सर्व नागरिकांना डोक्यावर उभं राहून ये-जा करण्याचे आदेश द्यावेत, ही नम्र विनंती.