मालनचे बूट

नवरा वारल्यावर मालन गिरगावात काकांकडे राहून परळच्या इस्पितळात सुईणीचं काम करी. १८९६ साली विलायतेला परतणाऱ्या एका मडमेनं तिला आपली सायकल देऊन टाकली. कासोटा घट्ट मारून मालन आठ दिवसांत ती चालवायला शिकली. चप्पल मात्र सारखी पेडलवरून सटके. एकदा लालबागेत पाय निसटला, पेडल नडगीवर बसलं आणि ती चारचौघांत पडली.

"बरं झालं!" चिंतामणीकाका म्हणाले. "बाईमाणसाला शोभतं का ते?"

"चप्पल सटकली म्हणून पडले. बाई आहे म्हणून नाही."

तिनं लालबागेतल्या कुशाबा चांभाराकडून बूट शिवून घेतले. तळाला त्यानं दोन आडव्या चामडी पट्ट्या ठोकल्या. पेडलची कड त्यांच्यामधल्या खाचेत बसे. आता पाय सुटेना, पण दोन दिवसांत उजवा गुडघा असा धरला की जिना चढवेना. ती तणतणत कुशाबाकडे गेली.

त्यानं फरशीवर पाणी शिंपडलं. "बाई, अनवाणी चालून दाखवा."

ओली पावलं उमटली. डावं सरळ, उजवं बाहेर वळलेलं.

"चूक माझी," कुशाबा म्हणाला. "तुमची चाल तिरकी नि मी पट्टी मारली सरळ. गुडघा पिळणारच." तो लांबूनच दोरीनं माप घेऊ लागला.

"पाय धरा की."

"लोक बघतायत, बाई."

"बघू देत. लांबून माप येईल कसं?"

त्यानं घोटा धरला. गर्दीत कुणीतरी "शी!" म्हणालं. मालननं त्या माणसाकडे रोखून पाहिलं, तो मान खाली घालेपर्यंत. कुशाबानं अंगठ्यामागच्या उंचवट्याखाली खडूची रेघ ओढली आणि पट्ट्या तिच्या चालीप्रमाणे तिरक्या ठोकल्या.

चार दिवसांनी सकाळीच डिलाईल रोडवरचा रघु धावत आला. त्याची बायको तुळसा अडली होती. मालन उंबऱ्यावर बसून बुटांचे बंद आवळू लागली.

काका दारात आडवे आले. "हे घालून बाहेर पडलीस तर परत येऊ नकोस!"

"येणार. घर माझ्या बापाचंही आहे. बाजूला व्हा."

ते हलले नाहीत. त्यांना खांद्यानं सारून ती बाहेर पडली आणि सायकलवर बसली. रघु मागे राहिला, चिंचपोकळी गेली, गुडघ्यानं हूं की चूं केलं नाही. दुपारी तुळसाला मुलगी झाली.

मालन घरी आली तेव्हा दार उघडं होतं आणि काका पाठ फिरवून बसले होते. तिनं आपले बूट त्यांच्या जोड्याशेजारीच काढून ठेवले.