स्टेजकडे पाठ

गान्योआच्या फुटबॉल मैदानावर त्या रविवारी ऊन कलायच्या आतच पाय ठेवायला जागा उरली नव्हती. यादवीच्या काळात गाव सोडून आबिदजान शहरात गेलेले रेगे गायक दिग्बेदादा त्यानंतर पहिल्यांदाच आपल्या माणसांपुढे गाणार होते. एक गुडघा आखडलेला, दाढी पांढरी, पण आवाज तसाच खर्जातला. मी लासिना, त्यांच्या मागे बास गिटार वाजवणारा.

माझी बायको मासांजे आमच्याच गाडीतून आली होती. ती शिवणकाम करते; आमचे लाल-पिवळे-हिरवे सदरे तिच्याच हातचे. मी तिला स्टेजवर मागे बस म्हटलं, तर तिने नाक मुरडलं.

"मागे काय ऐकू येतं रे? नुसता खडखडाट. मी कठड्यापाशी, तुझ्या स्पीकरसमोर. छातीत धडधडलं नाही तर ते रेगे कसलं?"

"गर्दी बघितलीस का?"

"गर्दीला घाबरणाऱ्यांनी घरी रेडिओ ऐकावा. आणि चुकलास तर मला कळेल हां!"

ती गेली. डोक्याला पिवळा फडका बांधलेला होता, म्हणून तिसऱ्या गाण्यापर्यंत मला ती सहज दिसत होती. हात वर करून नाचत होती, मध्येच मला वाकुल्या दाखवत होती.

मैदानाला तीन फाटकं. आयोजक सेरी याने बाजाराकडचं एकच उघडं ठेवलं होतं. बाकी दोन्हींना कुलपं, फुकटे शिरू नयेत म्हणून. बाहेर तिकीट न मिळालेली पोरं दगडं मारायला लागली आणि पोलिसांनी अश्रुधूर सोडला. आम्हाला स्टेजवरून फक्त पांढरा लोट दिसला. डोळे चोळत, खोकत, बाहेरची ती सगळी माणसं उघड्या फाटकातून आत घुसली आणि स्टेजच्या दिशेने धावली.

गर्दी आधी डुलते तशीच डुलली. मग डुलेना. पुढच्या रांगांतले हात खाली गेले ते वर येईनात. तोंडं उघडी होती, पण कोणी गात नव्हतं. मी मासांजेकडे बघितलं. ती कठड्यावर चेपली गेली होती, मान वर, मासा पाण्याबाहेर काढल्यासारखी. तिने माझ्याकडे बघितलं. आणि पिवळा फडका दिसेनासा झाला.

माझा हात थांबला. क्षणभरच, पण मागून लगेच ओरडा उठला, "काय झालं? बंद का केलं?" आणि मागचा लोंढा आणखी पुढे सरकला.

दिग्बेदादांनी माइक सोडला आणि येऊन माझी मान धरली.

"वाजव!"

"दादा, मासांजे आहे तिथे!"

"बघितलं मी. म्हणूनच सांगतोय. थांबलास तर मागच्यांना वाटेल कार्यक्रम बंद पाडला. सगळे पुढे येतील. तू आणि ओबू, ठेका सोडू नका. मी येईपर्यंत हलायचं नाही."

ओबू आमचा ड्रमवाला. तो म्हणाला, "लासिना, खाली बघू नकोस. माझ्याकडे बघ."

मी वाजवायला लागलो. बोटं माझी नव्हती.

दादा स्टेजच्या मागच्या शिडीवरून उतरले. सेरी तिथेच उभा होता.

"पलीकडचं फाटक उघड."

"दादा, फुकटे शिरतील! आधीच एवढा..."

"शिरू दे. नाहीतर प्रेतं बाहेर काढायला तेच फाटक लागेल तुला. आण ती किल्ली."

सेरीच्या हातून किल्ली आणि एका पोलिसाच्या हातून भोंगा ओढून घेत ते भिंतीकडेने चालू लागले. चालू लागले म्हणजे एका पायाने पळतच होते. मैदानाची पलीकडची बाजू, दुसऱ्या गोलपोस्टामागची, जवळजवळ मोकळी होती. सगळ्यांना स्टेज हवं होतं ना! तिथे पाण्याचा टँकर उभा होता. दादांनी फाटक उघडलं, टँकरवर चढले आणि भोंग्यातून त्यांचा घोगरा आवाज आला.

"ए गान्योआ! मी इकडे आहे! स्टेजकडे काय बघता? तिथे नुसते वाजवणारे आहेत! फिरवा पाठ! या, इकडे या, मी इथे गाणार!"

आणि ते गायला लागले. भोंग्यातून, माझ्या ठेक्यावर. आवाज आमच्यापर्यंत अर्धा-मुर्धा पोचत होता. मी कानांनी त्यांच्यामागे धावत होतो. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, ते धुराने की कशाने, सांगता येत नाही.

आधी सगळ्यात मागची काही डोकी वळली. कोणीतरी हसलं, "म्हातारा टँकरवर चढला रे!" मग त्यांच्या पुढची. पाठी फिरल्या, पावलं उलटी पडली आणि दाटलेली गर्दी मागच्या बाजूने उसवायला लागली. पुढे फट पडली. त्या फटीत माणसं उभ्याउभ्या कोसळली. स्वयंसेवक कठड्यावरून एकेकाला ओढून घेऊ लागले.

ओबू ओरडला, "जा! मी बघतो!"

गिटार टाकून मी उडी मारली.

मासांजे स्टेजखाली ताडपत्रीवर होती. ओठ निळे. एक अनोळखी बाई तिचं डोकं मांडीवर घेऊन वारा घालत होती. "श्वास घेतेय," ती म्हणाली. "दुखतंय, पण घेतेय."

त्या दिवशी कोणी मेलं नाही. एका मुलीचा पाय मोडला, पुष्कळ जण बेशुद्ध झाले. मासांजेच्या दोन बरगड्या तुटल्या. लोक दिग्बेदादांना खांद्यावर घेऊन नाचले. ते उतरले ते थेट दवाखान्यात आले आणि तिच्या पायाशी बसून राहिले.

"शिव्या द्यायच्या तर मला दे, पोरी," ते म्हणाले. "त्याला मीच थांबू दिलं नाही."

"दिल्या असत्या दादा," ती कशीबशी म्हणाली, "पण श्वास पुरत नाही."

पट्टी बांधून डॉक्टरांनी सोडल्यावर आम्ही आबिदजानकडे परत निघालो. गाडीच्या मागच्या बाकावर ती आडवी, तिचं डोकं माझ्या मांडीवर. प्रत्येक खड्ड्याला ती माझं मनगट आवळायची. वाटेतलं लाकोता गाव मागे पडलं.

"मला ऐकू येत होतं," मग ती म्हणाली. "सगळं बंद झालं होतं, काही दिसत नव्हतं, पण तुझा बास ऐकू येत होता. मला वाटलं, ह्याला कळलंच नाही. मी मरतेय आणि हा वाजवतोय."

"मला दिसत होतं, मासांजे."

"ते आता कळलं. दादांनी सगळं सांगितलं. बरोबरच केलंत तुम्ही."

बाहेर रबराची झाडं एकामागून एक सरकत होती. ती पुन्हा बोलली तेव्हा आवाज अगदी बारीक होता.

"पण पुन्हा कधी असं झालं, तर तू थांब. चूक असलं तरी थांब."

पुढच्या बाकावर दिग्बेदादा जागे होते. त्यांनी मान वळवली नाही. मी तिच्या कपाळावर हात ठेवला आणि हो म्हणालो.