जननीला कळलं

"इथं हात ठेवा. जोर नको," डॉक्टर शिवकामी तमिळमध्ये म्हणाल्या.

चंद्रमौलीनं सात वर्षांच्या लेकीच्या, जननीच्या, बेंबीखाली डावीकडे बोटं टेकवली आणि तो चपापला. आत कच्च्या पेरूसारखं कडक काहीतरी लागत होतं.

"जन्मली तेव्हा पहिल्याच दिवशी शी झाली होती?"

"झाली होती," त्याची बायको श्रीदेवी म्हणाली.

"मग बरं, आतड्यात जन्मजात दोष नसावा. ही साठलेली शी आहे. आतडं ताणलं जाऊन इतकं सैल पडलंय, की शी आलेली तिला कळतच नाही. पातळ तेवढी कडेनं झिरपते. हे जुलाब नव्हेत, बद्धकोष्ठ आहे."

चंद्रमौलीचा चेहरा उतरला. कपडे रोज खराब होतात म्हणून घरात जुलाबावरचे उपाय चालले होते: उगाळलेलं मायफळ, कच्चं केळं, दहीभात. भांड्यांच्या दुकानात गिऱ्हाइकांशी साखर पेरत बोलणारा हा माणूस घरी पोरीवर तोंड टाकायचा. लाजेपायी त्यानं मेलकावेरीत राहणाऱ्या सख्ख्या भावालाही यातलं काही सांगितलं नव्हतं.

एवढं ओझं पोटात घेऊन ही चिमुरडी लंगडी खेळत होती, वर बोलणीही खात होती! तो थक्क होऊन तिच्याकडे बघत राहिला.

"कळायला लागेल ना तिला पुन्हा?"

"लागेल. पण महिने जातील. औषध चुकवायचं नाही, जेवल्यावर पायांखाली पाट देऊन शीला बसवायचं, आणि अजिबात रागवायचं नाही."

औषधानं पोट लवकरच हलकं झालं. कळणं मात्र काही केल्या येईना. चंद्रमौली रोज पाण्यात पूड विरघळवून द्यायचा, तोंडातून अवाक्षर काढायचा नाही, आणि मनातून पार खचायचा.

एकदा तिरुप्पनंदाळच्या बसमध्ये जननीनं त्याचा सदरा ओढला आणि घरच्या जुन्या मराठीत म्हणाली,

"अप्पा, मज येतंय."

"काय येतंय गे?"

"आंत ढकलतंय. मज कळतंय!"

तो ताडकन उठला. "वंडी निरुत्तुंगो!" तो ओरडला. बस थांबली. कंडक्टर तणतणत आला.

"माझ्या मुलीला शी आलीय," चंद्रमौली भर बसमध्ये तमिळमध्ये म्हणाला. "तिची तिला कळली!"

कोणी फिदीफिदी हसलं. एका बाईनं पाण्याची बाटली पुढं केली.

शेताच्या बांधाआड जननी बसली. तो पाठ करून उभा राहिला. ड्रायव्हर हॉर्न वाजवत होता. चंद्रमौलीनं त्याला लांबूनच हात जोडले.

"अप्पा, जालं!"

मागं न बघता त्यानं बाटली तिच्याकडे केली.