दोन पिनांचं पाकीट

"हॅवलॉकला दोन रात्री, नीलला एक, आणि त्या जेलला अर्धा दिवस पुरे," मनू कागदावर पेन्सिल टेकवून म्हणाली. "मला काही कोठड्या मोजायच्या नाहीत. मला ती काचेच्या तळाची बोट हवी."

रमाकांत साटम चष्मा कपाळावर चढवून अंदमानच्या नकाशावर ती दोन्ही बेटं शोधत होते. डिलाईल रोडच्या चाळीतल्या या नवराबायकोच्या दोन खोल्यांत गेले पंधरा दिवस दुसरा विषय नव्हता. त्यांचा जुना शेजारी कायतान आता प्रभादेवीला टूरचं ऑफिस चालवत होता. त्याने पाच रात्रींचा कार्यक्रम छापून दिला होता आणि मनूने त्यात इतक्या दुरुस्त्या केल्या होत्या की तो आता कायतानलाही ओळखू आला नसता.

ही बाई जन्मभर दादरच्या चौपाटीवर घोट्याच्या वर भिजली नव्हती. तिथल्या गढूळ पाण्यात पायाखाली काय आहे ते कळत नाही, म्हणून तिला भीती वाटायची. मग एकदा टीव्हीवर तिने अंदमानचा समुद्र बघितला. कमरेएवढ्या पाण्यात माणूस उभा आणि त्याच्या पायाची बोटं स्पष्ट दिसत होती. तेव्हापासून तिने तळ दिसणाऱ्या पाण्याचा धोशा लावला होता.

आता फक्त तारीख ठरायची होती. मनूचं म्हणणं, रथसप्तमीनंतर. मजल्यावरच्या बायकांचं संक्रांतीचं हळदीकुंकू सव्वीस वर्षं तिच्याच खोलीत होत होतं आणि प्रत्यक्ष ब्रह्मदेव आला तरी ते टाकून ती जाणार नव्हती. रमाकांतांनी हो म्हटलं होतं. दिवाळीचा कंदील अजून दारात होता, म्हणजे अजून अडीच महिने.

तिच्या मानेवरच्या पट्टीबद्दल मात्र कुणी बोलत नव्हतं. मानेवर गाठ आली, तिचा तुकडा तपासायला दिला, त्याला आज आठ दिवस झाले. रिपोर्ट पाच दिवसांत मिळणार होता. उशीर का होतो ते चाळीत दुसऱ्या कुणाला कळलं नसतं, पण रमाकांतांना कळत होतं. परळच्या हॉस्पिटलात पॅथॉलॉजीच्या खिडकीवर त्यांनी तेहतीस वर्षं रिपोर्ट वाटले होते. चांगल्या बातमीला एक डॉक्टर पुरतो. वाईट बातमी असली की तुकडा लावलेली काच दुसऱ्या डॉक्टरलाही दाखवतात, कधी तिसऱ्यालाही. हे त्यांनी मनूला सांगितलं नव्हतं, आणि रोज सकाळी नकाशा मात्र आपणहून उघडत होते.

फोन वाजला. प्रितीचा होता. रमाकांत निवृत्त झाले तेव्हा त्यांची खुर्ची या मुलीला मिळाली होती आणि सगळं काम त्यांनीच तिला शिकवलं होतं.

"काका, काकूंचा रिपोर्ट आलाय. तुम्ही याल का?"

"मोबाइलवर पाठव ना."

"नाही काका. तुम्हीच या."

मी येऊ का, असं मनूने विचारलं. नको, नुसता कागद तर आणायचाय, असं म्हणून त्यांनी चपला घातल्या.

त्या खिडकीवरची एक रीत बाहेर कुणालाच ठाऊक नव्हती. फार पूर्वी एका म्हाताऱ्याला पाकीट देताना रमाकांतांनी हसून चौकशी केली होती, काय आजोबा, चहा झाला का. म्हाताऱ्याने पाकीट तिथेच फोडलं, वाचलं, आणि मग नुसता त्यांच्या तोंडाकडे बघत राहिला. ते हसू रमाकांतांना आयुष्यभर बोचलं. दुसऱ्या दिवसापासून त्यांनी ठरवून टाकलं. साध्या रिपोर्टाच्या पाकिटाला एक पिन. आतलं वाईट असेल तर दोन. एक पिन असली की म्हणायचं, सावकाश दाखवा डॉक्टरांना. दोन असल्या की हसायचं नाही, पाकीट दोन्ही हातांनी द्यायचं आणि म्हणायचं, आजच दाखवा, एकटे जाऊ नका, कुणाला तरी सोबत घ्या. पाकिटं बंद करणारा आणि खिडकीवर बसणारा, दोघांनी ही रीत पाळली. पुढे कॉम्प्युटर आले, पण तुकड्याचे रिपोर्ट हातीच देत राहिले आणि रीतही टिकली.

घरी फक्त मनूला ती माहीत होती. संध्याकाळी ताट वाढताना ती विचारायची, "आज दोन पिनांची किती?" रमाकांत म्हणायचे, तीन. किंवा, सहा. सहाच्या दिवशी ती बांगडा तळलेला असला तरी वाढत नसे. नुसता वरणभात वाढायची.

खिडकीपाशी आज गर्दी नव्हती. प्रिती उठून उभी राहिली. तिने पाकीट दोन्ही हातांनी पुढे केलं आणि मान वर न करता म्हणाली, "आजच दाखवा काका. कुणाला तरी..." पुढचं तिच्याने बोलवेना. ज्याने हे वाक्य शिकवलं त्यालाच ते ऐकवायचं म्हणजे काय, हे त्या पोरीच्या तोंडावर दिसत होतं. रमाकांतांनी पाकीट उलटं केलं. दोन पिना होत्या, शेजारी शेजारी, अगदी सरळ. पिना सरळ मार, असं तेच तिला ओरडायचे.

डॉक्टर ओळखीचे होते. त्यांनी पिना काढल्या, रिपोर्ट वाचला, परत वाचला. मूळ दुखणं दुसरीकडेच आहे, मानेपर्यंत पोचलंय म्हणजे आत बरंच पसरलेलं असणार, असं त्यांनी हळूहळू सांगितलं. रमाकांतांनी भीतभीत अंदमानचं विचारलं. त्यांना वाटलं, डॉक्टर रागावतील, कसलं फिरायला जाताय, उद्याच्या उद्या ॲडमिट करा म्हणतील. त्यांना ते ऐकायचंच होतं.

डॉक्टरांनी चष्मा पुसला. "फिरून या," ते म्हणाले. "आल्यावर औषधांचं बघू. पण फार लांबणीवर नका टाकू."

तेहतीस वर्षांत रमाकांतांनी हे शंभरदा ऐकलं होतं. ज्याच्यासाठी काही करता येतं त्याच्या मागे डॉक्टर हात धुऊन लागतात. ज्याला फिरून या म्हणतात, त्याचं सगळं आधीच ठरलेलं असतं.

बाहेर फुटपाथवर त्यांनी पाकिटाची घडी सारखी केली. आतलं इंग्रजी मनूला कळणारं नव्हतं, पण पिना कळल्या असत्या. झेरॉक्सच्या दुकानातून त्यांनी स्टेपलर मागून घेतला आणि जुन्या एका पिनेच्याच जागी एक पिन मारली. एकच. सवयीने तीही सरळच बसली. आयुष्यात कधी त्यांनी वाईट पाकिटाला एक पिन मारली नव्हती. आपण लबाडी करतोय हे त्यांना समजत होतं आणि तरी चार दिवस, निदान तारीख अलीकडे आणेपर्यंत, त्यांना ती हवी होती. तारीख अलीकडे कशी आणायची हेही सुचत नव्हतं. हळदीकुंकू सोड म्हटलं असतं तर मनूला तिथेच सगळं कळलं असतं.

घरी मनू दारातच होती. "साधी गाठ आहे," ते म्हणाले. "गोळ्या देतील." आणि पाकीट टेबलावर ठेवून पाणी प्यायला आत गेले.

मनूने पाकीट उचललं. एक पिन बघून तिचे खांदे सैल झाले. मग तिने पिनेवरून अंगठा फिरवला, पुढेही फिरवला, आणि पाकीट खिडकीच्या उजेडात धरलं. पिनेशेजारी आणखी एका पिनेची दोन बारीक भोकं होती. त्यांतून उजेड येत होता.

रमाकांत पाण्याचा पेला घेऊन दारात थांबले होते. त्यांनी ते बघितलं आणि तिने त्यांना बघितलं. बाहेर गॅलरीत अक्षता, शेजारची सून, कुणाला तरी हाका मारत होती.

मनूने पाकीट देव्हाऱ्याखालच्या फळीवर ठेवलं. पदराने तोंड पुसलं. मग टेबलाशी बसून कायतानचा कागद पुढे ओढला, रथसप्तमीची तारीख खोडली आणि पुढच्याच आठवड्यातली लिहिली.

"कायतानला फोन करा. ही मिळते का बघा."

"आणि हळदीकुंकू?"

"अक्षता करेल. तिला शिकवायला हवंच ना कधीतरी." तिने जेलवरही काट मारली. "हेही नको. तो दिवस पाण्याला द्या."

रमाकांतांना खूप बोलायचं होतं. मी खोटं बोललो, मला भीती वाटली, तू नसलीस तर मी या दोन खोल्यांत करू काय. ते नुसते रडायला लागले, लहान मुलासारखे, हातात पेला तसाच धरून.

मनू उठली. खणातून तिने त्यांचा जुना लोखंडी स्टेपलर काढला. निवृत्तीच्या दिवशी खिडकीवरच्यांनी शालीबरोबर तोही गमतीने देऊन टाकला होता. कार्यक्रमाचा कागद तिने नीट घडी करून एका रिकाम्या पाकिटात घातला, वरचं तोंड दुमडलं आणि पिन मारली. मग तिच्या शेजारी दुसरी मारली.

पाकीट दोन्ही हातांत धरून ती त्यांच्यासमोर आली.

"एकटे जाऊ नका," ती म्हणाली. "कुणाला तरी सोबत घ्या."

त्यांनी पेला खाली ठेवला. इतकी वर्षं खिडकीच्या त्या बाजूला माणसं घेत आली तसं, दोन्ही हात पुढे करून, त्यांनी ते पाकीट घेतलं.