दाराचा आवाज

संताप हा विनोदाचा प्राण आहे आणि दुखावलेला प्रेक्षक हीच खरी दाद, असं स्टँड-अपवाले तापटमामा नेहमी सांगत. सांगताना ते बहुधा गुडघ्याला मलम चोळत असत.

एके काळी त्यांच्या शिव्या ऐकून लोक चिडून उठत आणि जाताना क्लबचं दार आपटत. तो आवाज मामांना इतका प्रिय की बिजागऱ्यांना ते तेल घालू देत नसत. हल्ली दार वाजेनासं झालं होतं. "आज एकही माणूस उठून गेला नाही, तर मी हा धंदा सोडला," असं त्यांनी क्लबच्या मालकाला सांगून टाकलं होतं.

त्या रात्री स्टेजवरून मामांनी पहिल्या रांगेतल्या एका टकलूला शब्दांनी झोडपलं. तो म्हणाला, "खरंय हो, घरीही हेच म्हणतात." मग मामांनी डॉक्टरांचा, जावयांचा आणि देशभक्तांचा उद्धार केला. लोक बसची वाट बघावी तसे बसून होते. मामांनाही आत काही होत नव्हतं. शिव्या पाढ्यांसारख्या आपोआप येत होत्या.

शेवटी त्यांनी समस्त आयांवर तोंडसुख घेतलं, आणि मधल्या रांगेतून एक बाई ताडकन उठली. मामांचे कान दाराकडे लागले. बाई मात्र सरळ स्टेजपाशी आली.

"काका, शिव्या चालू द्या," ती कुजबुजली, "पण जरा हळू. बाळ आत्ताच झोपलंय."