पुण्याचं की हैदराबादचं

“बाई, टेबल कामून बडवायलाव?”

दत्तराव हेडक्लार्क दारातूनच बोलले. आत यायचं तर चपला काढाव्या लागत, आणि दत्तरावांना वाकायचा कंटाळा.

चांगुणाबाईंनी डावा हात पटकन मांडीवर घेतला. ओळ संपली की तो हात आपसूक उठायचा आणि टाइपरायटरची नसलेली कॅरेज ढकलायला जायचा. या खेपेला तो मॉनिटरच्या कडेवर आपटला होता.

“टाइपरायटरवर बावीस वर्षं काढली, साहेब. मशीन बदललं हे हाताला कुणी सांगितलं न्हाई अजून.”

“सांगा लवकर. काच फुटली तर हाताच्या पगारातून न्हाई, तुमच्या पगारातून जाईल.”

शेजारी बसलेली कमल तोंडावर पदर धरून हसली.

परभणीच्या त्या कॉलेजात कॉम्प्युटर येऊन आठवडा झाला होता. चौऱ्याण्णव सालचा फेब्रुवारी चालू होता. खेळाच्या सामानाची खोली रिकामी करून तिथं जाजम घातलं होतं, खिडकीला पडदा लावला होता. पहिल्या दिवशी नारळ फुटला, मॉनिटरच्या कपाळाला कुंकू लागलं, आणि ते पुसायला कुणाचा हात धजला नाही. कंपनीचा इंजिनिअर बन्सीधर मराठी लिहायचे दोन प्रोग्रॅम त्यात घालून गेला होता. पंधरा दिवस दोन्ही वापरा, एक ठेवा, दुसरा मी काढून नेतो, असं त्याचं म्हणणं. दोन्हींची नावं इंग्रजी आणि लांबलचक होती. म्हणून ऑफिसात एकाचं नाव ‘पुण्याचं’ पडलं आणि दुसऱ्याचं ‘हैदराबादचं’.

“निजाम जाऊन इतकी वर्षं झाली,” दत्तराव म्हणाले होते, “हैदराबाद काही आपला पिच्छा सोडीना.”

दोन्हींतला फरक सांगायला सोपा होता. पुण्याच्या प्रोग्रॅममध्ये अक्षरं टाइपरायटरवर होती तिथंच होती. बाई डोळे मिटून बसल्या असत्या तरी बोटं बरोबर पडली असती. हैदराबादच्यात सगळी अक्षरं उठवून दुसरीकडे बसवलेली. बोलायला येईल तसं एकेक दाबत जायचं. ज्याला टाइपिंगचा गंध नाही तोही आठ-दहा दिवसांत शिकेल, असं बन्सीधर म्हणे. कमल तशीच शिकली होती. औरंगाबादला सहा महिन्यांचा कोर्स केलेली ही पोरगी टाइपरायटरला कधी शिवलीच नव्हती.

प्राचार्य तात्याराव सरळ माणूस. “रोज वापरणार कोण? टाइपिस्ट. मग टाइपिस्टच सांगू द्या,” ते म्हणाले. “बाई, दोन्ही वापरून बघा आणि सोमवारी मला लेखी अभिप्राय द्या. तुम्ही म्हणाल ते घेऊ.”

त्या वाक्याच्या पोटात काय आहे ते दत्तरावांनी बाईंना व्हरांड्यात उलगडून सांगितलं. मशीन एक, त्याच्यापुढं माणूस एक. पुण्याचं घेतलं तर बाई त्या खुर्चीवर, आणि कमलची हंगामी ऑर्डर मार्चअखेर संपली की संपली. हैदराबादचं घेतलं तर कमल खुर्चीवर आणि बाई रेकॉर्ड रूमला. पगार तोच राहील, म्हणजे ती फिकीर नको.

“आठ वर्षं राहिली तुमची नोकरीची,” दत्तराव म्हणाले. “जुन्या फायलींची धूळ खात काढायची का मशीनपुढं पंख्याखाली, तुमी ठरवा. मी तुमच्या जागी असतो तर विचारसुद्धा केला नसता.”

विचार बाईंनीही फारसा केला नव्हता. त्यांच्या मनात पुण्याचंच होतं.

त्यांना टाइपरायटर आवडायचा. हे कुणाला सांगण्यासारखं नाही म्हणून त्यांनी कधी सांगितलं नाही. सरकारी परीक्षेत मिनिटाला चाळीस शब्दांचा वेग काढून त्या नोकरीला लागल्या तेव्हा कॉलेजच्या ऑफिसात त्या एकट्याच बाई. पाणी प्यायच्या माठापासून बसायच्या जागेपर्यंत दर गोष्टीत कुणीतरी काहीतरी ठरवलेलं असायचं. मशीनवर मात्र त्यांचा हात चालायला लागला की बोलणारे थांबायचे. तेवढी जागा त्यांनी बोटांनी मिळवलेली होती, आणि ती खुर्ची सोडायची म्हणजे नुसती खुर्ची सोडायची नव्हती.

पहिली परीक्षा तात्यारावांपुढं झाली. बाईंनी पुण्याच्या प्रोग्रॅमवर एक लांब पत्र घेतलं. बोटं अशी पळाली की बन्सीधर पुढं सरकून बघायला लागला. पान झालं. एक चूक नाही.

“वा, बाई!” तात्याराव म्हणाले. “आता एक करा. पहिल्या ओळीत ‘विद्यार्थ्यांनी’ आहे तिथं ‘विद्यार्थी व विद्यार्थिनींनी’ असं घाला.”

बाईंनी घातलं, आणि पानाचा विचका झाला. एक ओळ लांब, तिच्याखाली एकच शब्द, पुन्हा एक लांब, पुन्हा अर्धी. बाईंनी प्रत्येक ओळीच्या शेवटी, कॅरेज ढकलल्यासारखं, ओळ तोडायचं बटण दाबलेलं होतं. ज्यानं आयुष्यभर टाइपरायटर चालवला त्यालाच सुचेल अशी ती चूक.

“उंदरानं कुरतडल्यावानी दिसायलंय,” दत्तराव म्हणाले.

हसले सगळे. बाईही हसल्या, पण त्यांचे कान तापले.

दुपारी कमलनं त्यांना गाठलं. “बाई, रागावू नका. ओळ संपली की काहीच करायचं न्हाई.”

“काहीच न्हाई?”

“न्हाई. ते आपलं आपण खाली जातं.”

“मग आपण हितं कशाला बसायचं? घरी जाऊन भाकरी थापाव्या.”

“तसं न्हाई ओ बाई. लिहीत राहायचं, थांबायचं न्हाई.”

त्या दिवसापासून ओळीचा शेवट आला की बाई ओठातल्या ओठात म्हणायच्या, “जाऊ दे, जाऊ दे.” हात अर्धा उठायचा आणि परत यायचा. चार दिवसांनी उठायचा थांबला. हैदराबादच्या प्रोग्रॅमवर मात्र त्यांची बोटं बालवाडीत बसल्यासारखी व्हायची. एकेक अक्षर शोधत, दाबत, पुसत. कमल मागं उभी राहून सांगायची, आणि तिच्या सांगण्यात कुठंही ‘बघा, मला येतं’ असं नसायचं. बाईंच्या ते ध्यानात आलं होतं.

एक वाजता कमलची सासू तिच्या आठ महिन्यांच्या लेकीला घेऊन यायची. पाजायला जागा एकच, रेकॉर्ड रूम. कमल आत गेली की बाई दाराशी स्टूल टाकून बसायच्या. कुणी फाइल मागायला आलं की म्हणायच्या, “आत तपासणी चालू हाय. दहा मिनिटांनी या.” आतून लेकीचं चुटूचुटू ओढणं ऐकू यायचं, मग थांबायचं, मग एक लहानसा ढेकर. लुगड्याच्या गाठोड्यांसारख्या बांधलेल्या फायलींच्या मधून कमल बाहेर यायची तेव्हा तिच्या खांद्यावर दुधाचा ओला डाग असायचा आणि केसांत धूळ.

“लय धूळ हाय आत,” ती एकदा म्हणाली. आपण कुणासमोर काय बोललो ते तिला मग उमगलं.

“झाडली तर निघंल,” बाई म्हणाल्या.

शुक्रवारी बन्सीधर पुन्हा आला. विद्यापीठाचं पत्र येऊन पडलं होतं. जानेवारीत विद्यापीठाला नवं नाव मिळालं होतं, आणि आता दर कागदावर ते लिहायचं होतं. कमलनं वर्षाचं माहितीपत्रक हैदराबादच्या प्रोग्रॅमवर जुन्याच नावानं लिहून ठेवलं होतं. चाळीस पानं.

“त्यात काय,” बन्सीधर म्हणाला. “हितं जुनं नाव लिहा, हितं नवं. मशीन एकेक जागा हुडकून दाखवतं आणि विचारतं, बदलू का? हे बटण दाबलं की तेवढीच जागा बदलते. हे दुसरं दाबलं की सगळ्या एकदम.”

“पुण्याच्यात?”

“पुण्याच्यात ही सोय न्हाई अजून, बाई. पान उघडायचं, डोळ्यांनी हुडकायचं, खोडायचं, परत लिहायचं.”

बाई खुर्चीवर बसल्या. कमल विद्यापीठाचं पत्र समोर धरायला लागली, ते त्यांनी घेतलं नाही. नवं नाव त्यांनी स्वतः लिहिलं. डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ. न सरावलेल्या बोटांनी, अक्षर अक्षर शोधून.

अठ्ठ्याहत्तर साली त्यांनी हेच नाव एकदा टाइप केलं होतं. मुंबईत विधिमंडळानं विद्यापीठाला हे नाव द्यायचा ठराव केला आणि इकडं दलित वस्त्या पेटल्या तेव्हाची गोष्ट. बाईंचे आई-वडील गाव सोडून त्यांच्या दोन खोल्यांत येऊन बसले होते. आईनं येताना फक्त एक तवा आणला होता. का आणला ते तिला सांगता येत नव्हतं. त्याच आठवड्यात कॉलेजच्या संस्थेनं हे नाव देऊ नये असा ठराव केला, आणि पाच कार्बन घालून तो बाईंकडे आला. वाचून दाखवायला दत्तराव होते, तेव्हा साधे क्लार्क. ते वाचत होते, पण आवाज खाली खाली जात होता. बाई थांबल्या होत्या.

“मोठ्यानं वाचा, साहेब. शब्द सुटंल.”

दत्तरावांनी मोठ्यानं वाचलं. बाईंनी टाइप केलं. सहाही प्रतींत खाडाखोड नव्हती. त्यावर ते दोघं पुढं सोळा वर्षांत कधी बोलले नाहीत.

मॉनिटरच्या पडद्यावर पहिली जागा आली. जुनं नाव उजळलं. खाली प्रश्न उभा राहिला, बदलू का?

बाईंनी बटण दाबलं. बदललं. पुढची जागा आली. पुन्हा प्रश्न. पुन्हा बटण.

“बाई, ते दुसरं दाबा की,” बन्सीधर म्हणाला. “सगळं एकदम होतंय. चहा प्यायला जाऊ.”

“माहिताय. तुमी जावा चहाला.”

तो गेला नाही. कमलही गेली नाही. प्रवेशाचे नियम झाले, फीमाफीचं पान आलं, परीक्षांची पानं आली. मशीन विचारत होतं आणि बाई हो म्हणत होत्या, दर वेळी तितकाच वेळ घेऊन. बाईंना प्राचार्यसाहेबांनी बोलावलंय असं सांगायला दत्तराव दाराशी आले. त्यांनी पडदा पाहिला. मग वाकून चपला काढल्या, आत येऊन भिंतीला पाठ टेकून उभे राहिले.

शेवटच्या पानावर, प्राचार्यांच्या सहीच्या वर, शेवटची जागा होती. ती बदलली आणि मशीननं विचारायचं थांबवलं.

“साहेबांनी बोलावलंय,” दत्तराव तेव्हा म्हणाले. “घाई न्हाई.”

शनिवारी ऑफिस अर्ध्या दिवसाचं. बारानंतर बाई एकट्याच मागं राहिल्या आणि जुन्या टाइपरायटरवर कागद चढवला. तारीख, प्रति, विषय झाला. पुढं हात थांबला. समोर मसुदा नव्हता, वाचून दाखवणारा नव्हता. बावीस वर्षांत त्यांनी सचिवांचं लिहिलं होतं, प्राचार्यांचं लिहिलं होतं, निलंबनं आणि अभिनंदनं लिहिली होती, शोकप्रस्तावसुद्धा. स्वतःचं एक वाक्य त्या मशीनमधून कधी निघालं नव्हतं. रजेचे अर्ज त्या हातानं लिहायच्या.

पुण्याचं, असं लिहायला एक ओळ पुरली असती. खुर्ची राहिली असती, आणि कुणी नावं ठेवली नसती. त्यांनी बोटं कळांवर ठेवली आणि बराच वेळ तशीच ठेवली. कळा ओळखीच्या होत्या. मग लिहायला लागल्या.

“दोन्ही प्रोग्रॅम पंधरा दिवस वापरून पाहिले. पुण्याच्या प्रोग्रॅमवर माझा वेग चाळीस आहे. हैदराबादच्या प्रोग्रॅमवर दहा आहे, त्यापुढे फारसा जाणार नाही. परंतु हैदराबादच्या प्रोग्रॅमवर लिहिलेले नंतर सहज दुरुस्त करता येते, व नवीन माणसास तो लवकर येतो. श्रीमती कमल यांस तो उत्तम येतो. पुण्याचा प्रोग्रॅम मला सोयीचा आहे. हैदराबादचा ऑफिसला सोयीचा आहे. रोजच्या वापरासाठी हैदराबादचा घ्यावा.”

त्यांनी वाचून पाहिलं. चूक नव्हती. खाली नाव टाइप केलं, चांगुणा रणवीर, टंकलेखिका.

आता राहिला डावा कोपरा. ऑफिसच्या प्रत्येक पत्राला तिथं बारीक अक्षरं घालायची रीत होती. आधी मजकूर सांगणाऱ्याची आद्याक्षरं, मग तिरकी रेघ, मग टाइप करणाऱ्याची. रेघेच्या अलीकडची अक्षरं इतक्या वर्षांत किती तरी वेळा बदलली होती. पलीकडची कायम बाईंची.

बाईंनी रोलर दोन घरं वर फिरवला आणि रेघेच्या दोन्ही बाजूंना चां. र. लिहिलं. मग कागद काढला, घडी न घालता तात्यारावांच्या टेबलावर ठेवला, आणि वाऱ्यानं उडू नये म्हणून वर काचेचं पेपरवेट.